मागच्या पलंगावर बारक्या

गाडीखालून बाहेर येत मेकॅनिक म्हणाला, "डॉक्टर, मागच्या स्प्रिंगा पार बसल्यात. हिला कॅम्पर जोडू नका."

"तळ्यापर्यंतच तर जायचंय. आल्यावर बघू."

"माझी दाढ हलत होती तेव्हा मीही हेच म्हणालो होतो. केवढे ओरडला होतात!"

डॉक्टर दातांचे होते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच दवाखाना बंद ठेवून ते बायकोबरोबर कुठेतरी निघाले होते, तेही दोघंच. मित्राचा कॅम्पर, म्हणजे गाडीमागे जोडायची चाकांवरची खोलीच, उसना आणला होता. आता बेत मोडला असता तर बायकोने त्यांच्या शब्दावर पुन्हा कधी विश्वास ठेवला नसता.

नेमका निघताना मेहुणा दारात हजर. नाव बारक्या, पण दारात उभा राहिला की घरात अंधार व्हायचा.

"ताई, मीपण येतो. मला काय, कुठेही झोपेन!"

बायको डॉक्टरांकडे बघेना. डॉक्टरांनी गाडीचं मागचं दार उघडलं.

बारक्या मागच्या सीटवर बसला आणि गाडीचं बूड खाली गेलं, नाक वर. डॉक्टरांना रस्ता कमी आणि ढग जास्त दिसू लागले. पहिल्याच गतिरोधकावर खालून कर्रर्र आवाज आला.

"दाजी, गाडी घासतेय."

"मग उतर ना!"

"अहो, त्याला कॅम्परमध्ये अगदी मागे बसवा," बायको म्हणाली. "त्याचं मागचं टोक दबलं की पुढचं उचलेल, आणि त्याबरोबर आपल्या गाडीचं बूडही."

खरंच उचललं. गाडी सरळ झाली, पण कॅम्पर शेपटी हलवायला लागला. डॉक्टर इतके हळू निघाले की सायकलवाले पुढे गेले. तेवढ्यात बारक्याचा फोन आला, "दाजी, झकास आहे इथे! बिस्किटं कुठे ठेवलीत?"

तळ्याकाठी पोचल्यावर डॉक्टरांनी रागारागात हूक सोडवला, गाडी बाजूला घेतली आणि कॅम्परचे मागचे टेकू लावायचे विसरले. बारक्या मधल्या टेबलाशी बिस्किटं संपवत होता तोवर सगळं ठीक होतं. मग तो मागच्या पलंगावर आडवा झाला.

धाडकन कॅम्परचं शेपूट जमिनीला टेकलं आणि गाडीला जोडायचा पुढचा दांडा वर गेला. दोघांनी धावत जाऊन दांडा खाली ओढला आणि त्यावर बसकण मारली. कॅम्पर सरळ झाला.

"बारक्या, लागलं का रे?"

आतून घोरणं ऐकू आलं.

डॉक्टर जरा उठले, तर बायको दांड्यासकट वर जायला लागली. ते घाईघाईने पुन्हा तिला खेटून बसले. समोर तळं होतं. बायकोला हसू आवरेना. डॉक्टरांनाही.

"अहो, उठवा त्याला. किती वेळ असं बसणार?"

"झोपू दे गं," डॉक्टर म्हणाले. "दमला असेल बिचारा."