गयाआक्काची हेमांगी

भरल्या ओसरीत, सगळ्या बायांच्या देखत, मी एकदा एका बाईचा जीव घेतला. तेव्हा मी नुकतीच आजी झाले होते. नातवंड मांडीवर आलं की जगातलं सगळं कळायला लागतं अशी माझी समजूत होती. आता तोच नातू मला मोबाइल शिकवताना कपाळावर हात मारून घेतो. पण तेव्हाचा माझा तोरा काय सांगू!

ती बाई कादंबरीतली होती, म्हणून तुरुंगात गेले नाही. गयाआक्काच्या तावडीत मात्र सापडले.

गयाआक्का म्हणजे आमच्या बोरी गावातली पोथी वाचणारी. नवरा कधीच गेलेला, मूलबाळ नाही, घरात एकटी. वर्षभर तिच्या दाराशी कुणी थांबत नसे, पण श्रावणातल्या दुपारी देवळाच्या ओसरीवर सगळ्या बाया तिच्यासमोर. ओळ वाचायची आणि मग अर्थ सांगायची. अर्थ ओळीपेक्षा लांब. देव संकटात सापडला की ती सरळ देवालाच झापायची, "बायकोचं ऐकलं असतं तर काय बिघडलं असतं तुझं?"

देवळाच्या पंचांना हे खपेना. एका श्रावणात त्यांनी भोंगा बसवला आणि मोबाइलवरची पोथी लावली. कुठल्याशा बुवांचा तुपाळ आवाज. आक्काला म्हणाले, "वैनी, आता तुमी आराम करा."

"आराम सरणावर करीन," आक्का म्हणाली आणि आपला चौरंग उचलून घरी आली.

भाचीची एक जाडजूड कादंबरी घरात पडली होती. तीच आक्कानं लाल फडक्यात गुंडाळली, चौरंगावर मांडली, हळदीकुंकू वाहिलं आणि भोंगा सुरू व्हायच्या नेमक्या वेळेला वाचायला बसली. पहिल्या दिवशी ऐकायला आम्ही दोघीच, मी आणि शेजारची चंद्रकला.

कादंबरीची नायिका हेमांगी. नायिका म्हणायची पद्धत म्हणून म्हणायचं! साखर कारखान्याच्या खुर्चीसाठी तिनं सख्ख्या दिराला दुधातून विष दिलं. सासरा शेवटच्या घटका मोजत होता, तर त्याचा अंगठा धरून कागदावर उमटवला. आक्का हे सगळं पोथीच्या चालीवर वाचायची. विषाच्या पेल्याशी तर आवाज असा लागायचा की आमचे हात आपोआप जोडले जायचे. मग अर्थ: "बायांनो, ही बाई लय वाईट हाय. पण कुणाला इचारून वाईट न्हाई!"

हां हां म्हणता आक्काची ओसरी भरली. देवळात भोंगा खांबांना पोथी ऐकवू लागला. एक पंच तावातावानं आले. "वैनी, देवाच्या महिन्यात हे विषाचं काय लावलंय?"

"देवानं सोता प्यालंय की ओ विष," आक्का म्हणाली. "बसा, तुमाला बी सांगते अर्थ."

पंच बसले नाहीत.

श्रावण संपला, पण हेमांगी संपेना. भादवा गेला, दसरा आला. हेमांगी मूळची पुण्याकडची. ती आता जिंतूरच्या बाजारात हिंडू लागली, ज्वारीचा भाव करू लागली. एके दिवशी तिनं कुठल्याशा देवळाचा भोंगा उतरवला आणि पंचाला साखरेच्या गोदामात कोंडलं. आम्ही टाळ्या पिटल्या. शंका कुणालाच आली नाही. मला तर मुळीच नाही, आणि वर्तमानपत्र वाचणारी म्हणून मिरवायचे मी!

दुसऱ्या दिवशी आक्का चहा टाकायला आत गेली. गोदामातल्या पंचाचं पुढं काय होतं, मला दम निघेना. मी फडकं सोडलं, पानं उलटली आणि ओरडले, "अगं बायांनो, ही तर मेली! पुस्तकाच्या मध्यातच मेली! पुढं नुसती पोराच्या कज्ज्याची कथा हाय!"

मग चंद्रकला म्हणाली, "ओ माय! मेली? मग काल पंचाला कोंडलं कुणी?"

आक्का चहाची परात घेऊन उंबऱ्यात उभी होती. दोघीतिघी पदर सावरून उठायला लागल्या. एकीला दूध तापवायचं आठवलं, एकीला गिरणी. आक्कानं परात खाली ठेवली. माझ्या हातातलं पुस्तक घेतलं, मिटलं, फडक्यात गच्च बांधलं, चौरंगावर ठेवलं. डोळ्यांवरचा चष्माही काढला. आणि त्या बांधल्या पुस्तकासमोर बसून त्याच चालीवर पुढं सुरू झाली: हेमांगीनं गोदामाची किल्ली कमरेला खोचली आणि पंचाला म्हणाली...

उठलेल्या बाया उभ्याच राहिल्या. चंद्रकलेनं एकीचा पदर ओढला, "बस की ग! किल्ली तर कळू दे." दूध राहिलं, गिरणी राहिली.

सगळ्या गेल्यावर मी मागं थांबले. मान खाली घालून म्हटलं, "आक्का, चुकलं माझं. मला वाटलं तुमाला ठाऊकच न्हाई."

आक्का कप गोळा करत होती. माझ्याकडं न बघता म्हणाली, "लिव्हणाऱ्यानं मारली तिला, ते म्हाईत हाय मला. त्याच्या घरी येत असतील दुपारची माणसं. माझ्याकडं ही एकटीच आली, आन् हिच्या मागं तुमी आलात. मी कामून मरू देऊ तिला?"