जगदाळे काकांचा घोड्यावरचा टाक

उत्तर भारतातल्या आमच्या इंदिरा नगरच्या गल्लीत जगदाळे काकांनी शिक्षा सुनावली नाही असा माणूस नाही. दूधवाला उशिरा आला की दारातच निकाल. "पहली बार गलती, दूसरी बार आदत, तीसरी बार धंधा! भैया, तुम धंधे में आ गए हो." मग तीन दिवस त्याच्याशी बोलणं बंद. माझी गाडी दुसऱ्यांदा त्यांच्या फाटकासमोर लागली, तेव्हा आठवडाभर त्यांचं मराठी साप्ताहिक मला वाचायला मिळालं नाही. "डॉक्टर, सवय लागलीय तुम्हाला!" मी झाडांवर संशोधन करणारा डॉक्टर, पण साताऱ्याच्या या निवृत्त रेल्वे इंजिनियरकडे दयामाया कुणालाच नव्हती.

स्वतःला मात्र सगळं माफ. मधुमेह असून रोज सकाळी कोपऱ्यावरून एक जिलबी आणायचे. "देवाला," म्हणायचे. एकट्या माणसाचे देव भारी गोडघाशे, असं मी बायकोला म्हणायचो. तेव्हा मला तो मोठा विनोद वाटायचा.

गेल्या वर्षी काका गावी गेले असताना त्यांचं घर फुटलं. देव्हाऱ्यातले चांदीचे पाच टाक, देवांच्या मूर्ती उठवलेले ते छोटे पत्रे, गेले. पोलिसांनी लिहून घेतलं, 'चांदी के सिक्के, पाँच.' काका खवळले. "सिक्के नहीं, देवता हैं!" लिहिणारा शांतपणे म्हणाला, "अंकल, देवता का कॉलम नहीं है."

महिन्याभरात चोर सापडला. मुन्ना त्याचं नाव, घरफोडीत आधी दोनदा शिक्षा झालेला. "तिसऱ्यांदा! म्हणजे धंदा!" काकांना जणू आयुष्यभराचं गिऱ्हाईक मिळालं. ते एकही तारीख चुकवेनात. जबर शिक्षा का द्यावी यावर त्यांनी दोन पानं लिहिली आणि मला तीनदा ऐकवली.

टाकांचा मात्र सोनाराने वितळवून गोळा केला होता. तो वजनात जरा कमी भरला, तेव्हापासून काकांनी एकच धरून ठेवलं. "एक उरलाय, डॉक्टर. घोड्यावरचा. त्याने तो वेगळा ठेवलाय." मी मान डोलवायचो. म्हातारपणीचा हट्ट, दुसरं काय!

शिक्षा सुनावायच्या दिवशी मीच त्यांना कोर्टात नेलं. व्हरांड्यात मुन्ना शिपायाशेजारी बसला होता, पलीकडे त्याची म्हातारी आई. काका सरळ त्याच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"घोड़े वाला दे दो, बेटा. मैं जज साहब से हाथ जोड़कर कहूँगा, सज़ा कम कर दें."

मला धक्काच बसला. दूधवाल्याला न सोडणारा माणूस हा! मुन्नाने वर पाहिलं. खोटं बोलून सुटायची संधी होती, पण नेमका तेव्हाच तो खरं बोलला.

"साब, हमने देखे ही नहीं. तौल के बेचे थे. सब एक साथ गल गए. कम निकला होगा तो सुनार ने मारा होगा."

आत सरकारी वकिलाने आधीच्या दोन शिक्षा वाचल्या, मुन्नाच्या वकिलाने आई पुढे केली. काकांची दोन पानं खिशातच राहिली. मुन्नाला सात वर्षांची शिक्षा झाली. काकांना गोळा परत मिळाला, आणि गल्लीने त्यांचं अभिनंदन केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याकडे गेलो. देव्हाऱ्यात गोळ्याला हळदकुंकू लावलेलं होतं आणि काका जिलबी हातात धरून बसले होते.

"घोड्यावरचा वीराचा टाक होता, अकाली गेलेल्यांचा करतात तो," ते म्हणाले. "माझ्या अजयचा. बारावीत असताना गेला. जिलबीशिवाय सकाळी उठायचा नाही."

सात वर्षं मी भिंतीला भिंत लावून राहिलो, यांना मुलगा होता हे मला माहीत नव्हतं. माझ्या त्या विनोदाची मला किळस आली.

"मुन्नाच्या आईचा येईल सात वर्षांनी घरी," काका म्हणाले. "मी तिला सुटकेची तारीख सांगून आलो."

मग त्यांनी गोळा हलकेच फिरवून पाहिला, परत फिरवला. जिलबी कुठल्या बाजूला ठेवायची, ते त्यांना कळत नव्हतं.