पंख्याचं तोंड

बाजारातून तयार वस्तू आणणाऱ्या माणसांचा मला पहिल्यापासून तिटकारा आहे. दिव्याचं बटण बिघडलं, बोलाव माणूस! कपाटाचं दार करकरलं, बोलाव माणूस! अशा लोकांना देवाने हात कशाला दिले असतील? पाकीट काढायला, दुसरं काय! माझं तसं नाही. आमच्या घरातली प्रत्येक वस्तू मी स्वतः दुरुस्त करतो. टेबलफॅनची मान तेवढी मोडली आहे, पण ती माझ्या दुरुस्तीच्या आधीही जरा मोडलेलीच होती.

तर गोष्ट बायकोच्या कॉम्प्युटरची. बायको आर्किटेक्ट. नोकरी सोडून तिने घरातल्या मागच्या खोलीत स्वतःचं ऑफिस थाटलं, आणि पहिलंच मोठं काम दारात आलं. एका शाळेची इमारत. सोमवारी सकाळी शाळेच्या मंडळींना ती पडद्यावर फिरवून आणायची होती. दारातून आत, वर्गांमधून पुढे, जिन्याने वर, अशी फिल्म. पसंत पडली तर काम तिचं, नाही तर रांगेत दुसरे उभेच होते.

आता अशी फिल्म करताना कॉम्प्युटर एकेक चित्र रंगवत बसतो आणि भट्टीसारखा तापतो. त्याला थंड ठेवायला आतून नळीने पाणी फिरवतात. ते पाणी मागे टांगलेल्या छोट्या रेडिएटरमध्ये येतं, गाडीला असतो तसाच, आणि त्याच्यावर एक पंखा वारा घालतो. शनिवारी एवढं सगळं असूनही कॉम्प्युटर तापून मध्येच बंद पडला. बायकोचा चेहरा उतरला. मी कॉम्प्युटरवाल्याला फोन लावला.

"श्राउड लावून घ्या साहेब," तो म्हणाला.

"ते काय असतं?"

"पंखा आणि रेडिएटरच्या मध्ये डब्यासारखं बसतं. पंख्याच्या मधोमध मोटर असते ना, तिथून वारा येत नाही. मध्ये जरा जागा सोडली की वारा सगळीकडे पसरतो."

"म्हणजे डबाच ना?"

"डबाच. फक्त तळ नसतो."

"आणि झाकण?"

"झाकणही नसतं."

तळ नाही, झाकण नाही, आणि हा गृहस्थ त्याचे पैसे मागत होता! दोन्ही बाजूंनी उघडा डबा म्हणजे मधली हवाच की! ती हवा मी विकत घ्यायची? मी तिथल्या तिथे फोन ठेवला आणि बायकोला म्हटलं, "उद्या मी घरीच बनवतो. एक नाही, दोन पंखे लावतो. एक ढकलेल, दुसरा ओढेल. तुझ्या कॉम्प्युटरला स्वेटर घालावा लागेल!"

"सोमवारनंतर करा ना," ती म्हणाली. "आज कॉम्प्युटरचं बाजूचं झाकण काढून ठेवलंय तर चालतोय कसाबसा."

"कसाबसा! तुझं सगळं आयुष्य या कसाबसावर टांगून ठेवायचंय का?"

यावर ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली. त्यात कौतुक असावं, असं मला तेव्हा वाटलं.

रविवारी दुपारी ती इमारतीचे नकाशे छापून आणायला बाहेर निघाली. "मी येईन तेव्हा हा चालू हवा. अजून निम्मी फिल्म राहिली आहे," एवढं बजावून तिने माझ्या मदतीला आपल्या भावाला बसवलं. माझा हा मेहुणा विमा विकतो. त्यामुळे त्याला कुठल्याही गोष्टीत आधी अपघात दिसतो.

"भाऊजी, तयार आणलं असतं तर बरं झालं असतं," त्याने सुरुवातीलाच सूर लावला.

"तू स्क्रू धर," मी म्हणालो.

डबा मी आदल्या रात्रीच हेरून ठेवला होता. सासूबाई महिनाभर राहायला आल्या होत्या. स्वयंपाकघराचा ताबा घेताना त्यांनी पिठासाठी एक चौकोनी प्लॅस्टिकचा डबा आणला होता. काय माप होतं! जणू रेडिएटरच्या अंगाचं माप घेऊन शिवलेला. सासूबाई दुपारच्या झोपेत होत्या, म्हणून विचारून त्यांची झोप मोडणं मला प्रशस्त वाटलं नाही. पीठ पातेल्यात ओतलं, डबा फडक्याने लख्ख पुसला आणि मधोमध कापला. अर्धा डबा रेडिएटरच्या खोलीकडच्या बाजूला, अर्धा खिडकीकडच्या बाजूला. तळाला गोल भोक पाडून एक पंखा, झाकणाला गोल भोक पाडून दुसरा. झाकण पुन्हा उघडू नये म्हणून वरून चिकटपट्टीचे वेढे. डिझाइन असं सोपं की ते मेहुण्यालाही समजावं!

"एक पंखा मी बसवतो, एक तू बसव," मी त्याला म्हटलं. "दोन्ही पंख्यांची तोंडं खिडकीकडे."

"तोंडं खिडकीकडे?"

"खिडकीकडे."

"नक्की?"

"अरे, तुला तोंड कळतं ना? का तेही काढून दाखवू?"

तो गप्प बसला. विमेवाल्याला गप्प बसवणं सोपं नसतं, त्यामुळे मी खूश झालो. खोलीकडचा पंखा मी झाकणात बसवला, खिडकीकडचा त्याने तळात बसवला. पंख्यांच्या चौकटीवर काहीतरी उंचवटे होते, त्यांनी पट्टी नीट बसत नव्हती. मी अंगठ्याने दाबून दाबून ती बसवली. मग कॉम्प्युटर सुरू केला, फिल्म जिथे थांबली होती तिथून पुढे लावली आणि खुर्चीत टेकलो.

पडद्याच्या कोपऱ्यात तापमानाचा आकडा दिसतो. साठ झाला. सत्तर झाला.

"भाऊजी, वाढतंय."

"सुरुवातीला वाढतंच. पंखे जरा जोरात कर."

त्याने पंखे जोरात केले. आकडा पंचाहत्तरवर गेला.

"अजून जोरात!"

ऐंशी. डब्याची दोन्ही अंगं गाल फुगवल्यासारखी दिसू लागली.

"भाऊजी, तो डबा फुगलाय का?"

"हवा भरलीय त्यात! त्यासाठीच केलाय ना? मात्र कुठून तरी गळत असणार. पट्टी दे."

मी फटीफटीवर पट्टी मारली. आकडा पंच्याऐंशीच्या पुढे गेला. कॉम्प्युटरवाला किती अडाणी आहे, त्याला पाण्याचा पंपसुद्धा धड बसवता आलेला नाही, हे मी मेहुण्याला सविस्तर समजावून सांगितलं आणि आणखी एक वेढा मारला. मेहुण्याने हळूच आपली खुर्ची दाराजवळ सरकवली.

नेमकी त्याच वेळी बायको आली. हातात नकाशांची गुंडाळी, चेहऱ्यावर आशा. ती वाकून म्हणाली, "झालं का हो?" आणि तापून मऊ पडलेल्या पट्टीने जीव सोडला. फटाक! झाकण पंख्यासकट सुटून टेबलावर आदळलं, आणि झाकणाच्या खाचेत जे काही पीठ दडून बसलं होतं ते खिडकीकडच्या वाऱ्याने उचलून बायकोच्या तोंडावर, नकाशांवर आणि किबोर्डवर फवारलं. इतकं पीठ एका खाचेत मावतं, हे मला आजही पटत नाही!

आवाजाने सासूबाई धावत आल्या. दारातून त्यांना फक्त पांढरा लोट दिसला.

"धूर! अगं बाई, धूर! वायर काढा!"

मेहुण्याने आयुष्यात पहिल्यांदाच एखादी गोष्ट चटकन केली. भिंतीतला प्लग उपटला. पडदा काळा झाला. शाळेच्या जिन्यावर अर्ध्या वाटेत फिल्म थांबली.

"हा धूर नाही," सासूबाई बोट चाखून म्हणाल्या. "हे माझं पीठ आहे!"

बायकोने डोळ्यांवरचं पीठ पुसलं. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त म्हणाली, "उद्या सकाळी मी काय दाखवू?" माझ्या तोंडचं पाणीच पळालं. कॉम्प्युटरमधलं मात्र जागच्या जागी होतं, एवढंच समाधान.

अशा वेळी माणसाने दोष कुणाचा हे आधी ठरवावं. मी मेहुण्याचा पंखा उपटून पाहिला.

"हे बघ! ह्याने उलटा लावलाय! माझा पंखा वारा आत ढकलतोय, आणि ह्याचाही आतच ढकलतोय! दोन्हीकडून कोंडल्यावर डबा फुटेल नाही तर काय? मी म्हटलं होतं, तोंड खिडकीकडे!"

"मग खिडकीकडेच होतं तोंड!" मेहुणा पेटला. "ही पाती दिसतात ते तोंड, हे स्टिकर आणि वायर आहे ती पाठ. तोंड कुणी पाठीला लावतं का?"

"अरे, वारा जिथून बाहेर येतो ते तोंड! माणूस फुंकर कशाने मारतो?"

"आणि घास कशाने घेतो? पंखा हवा जिथून घेतो ते तोंड, भाऊजी!"

"फुंकतात ते तोंड!"

"खातात ते तोंड!"

"आई, तू सांग!"

"सासूबाई, तुम्हीच सांगा!"

"तोंडाने दोन्ही करतात," सासूबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही दोघं तिसरंच करताय. बंद करा."

आमची ही चर्चा चालू असताना बायको खाली बसून पंख्यावरची पट्टी सोलत होती. खाली तो उंचवटा दिसला, जो मी अंगठ्याने दाबून बसवला होता. ती त्यावर बोट ठेवून थांबली.

"हे काय आहे?"

चौकटीवर बाण होता. छोटा, स्पष्ट, प्लॅस्टिकमध्येच उठवलेला. वारा कुणीकडे जातो ते दाखवणारा! मेहुण्याच्या पंख्यावरही होता. त्यावर तर मी पट्टीचे तीन थर दिले होते.

मेहुणा माझ्याकडे पाहायला लागला. मी खिडकीबाहेर पाहायला लागलो.

पुढचं काम तिने एकटीने केलं. डब्याचे दोन्ही अर्धे कचऱ्यात टाकले, रेडिएटरच्या पट्ट्यांमधलं पीठ दात घासायच्या ब्रशने काढलं, किबोर्ड झटकला, जुना पंखा होता तसा रेडिएटरला चिकटवून बसवला आणि बाजूचं झाकण उघडं ठेवून समोर टेबलफॅन आणला. कॉम्प्युटर सुरू झाला. जिन्यावर थांबलेली फिल्म पुढे सरकली. आकडा सत्तरच्या आत राहिला. पण टेबलफॅनची मान! सोडला की तो खाली मान घालून जमिनीला वारा घालायचा. म्हणून त्याची मान कुणीतरी धरून उभं राहणं भाग होतं. पहिली पाळी माझी आणि दुसरी मेहुण्याची, हे सासूबाईंनी परस्पर ठरवून टाकलं. अंधार पडेपर्यंत आम्ही आळीपाळीने ती मान धरून उभे होतो. फिल्म पुरी झाली तेव्हा बायको खुर्चीतच डोळे मिटून बसली आणि मला वाटलं, आता मी काही बोललो तर तिचं आवरून धरलेलं रडू फुटेल. मी टेबलफॅन हळूच बंद केला.

सोमवारी ती घरी आली ती हसतच. काम मिळालं होतं! सासूबाईंनी तिची दृष्ट काढावी तसं तिच्याकडे पाहिलं, मेहुण्याने नव्या इमारतीच्या विम्याचं नाव काढलं. मीही पुढे झालो. शेवटी मान धरण्यात माझाही वाटा होताच.

"त्यांना सगळ्यात काय आवडलं?" मी विचारलं.

"हवा," ती म्हणाली. "म्हणाले, सगळ्या वर्गांत वारा इतका छान खेळतोय, कुणाचा सल्ला घेतलात?"

"मग? काय सांगितलंस?" मी जरा सरसावून बसलो.

"म्हटलं, आमच्या घरात यातले दोन जाणकार आहेत. ते सांगतात त्याच्या बरोबर उलट केलं."

मेहुणा म्हणतो, त्या दोघांतला एक तो नक्कीच नाही. मग ते दोघं कोण, हे मी विचारलेलं नाही. तोंड उघडायचं नाही, एवढं आता आमच्या घरात ठरलंय. आणि तोंड म्हणजे कोणतं, याबद्दल या वेळी कुणाचाही वाद नाही.