उजव्या हाताने नेलेल्या चपला

चंद्रप्रकाश हिवाळे यांचा शेवटचा शनिवार शेजाऱ्याच्या चपलांपायी वाया गेला.

"पप्पा, समोर जा आणि सरळ सांगून टाका, चपला मी नेल्या म्हणून," मृणालिनी म्हणाली.

"सांगितलं की संपलं ना गं! उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये, असं प्रभूनेच सांगितलंय."

"मग मला कसं कळलं?"

"तूच डावा हात. पिशवीत डोकावलीस, मी काय करू?"

भानगड सुरू झाली ती चर्चमधून. भांडुपच्या त्यांच्या चर्चमध्ये पवित्र गुरुवारी पाळकसाहेब, येशूने शिष्यांचे धुतले तसे, बारा जणांचे पाय धुतात. त्या बारांत नंबर लागावा म्हणून मंडळीत महिनाभर फोनाफोनी चालते, आणि निवडलेले बाराही जण घरूनच साबणाने पाय घासून, नखं कापून येतात. एकाने तर पावडरही लावली होती. यंदा चंद्रप्रकाशही त्यांत होते. धुतलेले पाय पुन्हा धुवून घेताना त्यांना लाज वाटली. खरी सेवा करायची तर कुणाला न कळता, आणि तीही वैऱ्याची, असं त्यांनी मनाशी ठरवलं.

वैरी शोधायला लांब जावं लागलं नाही. समोरच्या दारातले धोंडू परब जिन्यातल्या कुंडीवरून सहा महिने त्यांच्याशी बोलत नव्हते. त्यांच्या दाराबाहेर अंगठा तुटलेल्या कोल्हापुरी चपला पडून होत्या. चंद्रप्रकाशांनी त्या उचलल्या आणि स्टेशनजवळच्या मोच्याकडे नेऊन दिल्या. संध्याकाळी गुपचूप जागेवर ठेवायच्या, असा बेत. पण मोची त्याच दुपारी पेटीला कुलूप घालून मेहुणीच्या लग्नाला गावी गेला.

इकडे धोंडूंनी जिना डोक्यावर घेतला. "वाट लागली ह्या बिल्डिंगची! बापाशीची आठवण होती रे ती!"

सोसायटीने चौकशी नेमली, आणि ती एकमताने चंद्रप्रकाशांकडे दिली. "ख्रिश्चन माणूस आहे, खोटं बोलणार नाही," असं सेक्रेटरी रत्नप्रभाबाई म्हणाल्या. चंद्रप्रकाश खरंच खोटं बोलले नाहीत. "नेणारा लांबचा नसावा," एवढंच म्हणाले. बाईंनी त्याचा अर्थ वॉचमन शिवदास असा काढला. येत्या रविवारच्या सभेत त्याला काढायचंही ठरून गेलं.

"शिवदासची नोकरी जाईल, पप्पा. हा वेडेपणा आहे."

चहात बुडवलेला बटर विरघळून तळाशी गेला, तरी चंद्रप्रकाशांचं लक्ष नव्हतं.

"मोची उद्या येतोय," शेवटी ते म्हणाले. "चर्चमधून येताना चपला आणतो आणि सभेत सगळं सांगतो. गुपचूप सेवेचं प्रतिफळ गेलं तर गेलं. पण चर्चला तूही चल. एकदा तरी मंडळीपुढे उभी राहून साक्ष दे."

"मला चारचौघांत बोलता येत नाही. किती वेळा सांगू?" असं म्हणून मृणालिनी वाळलेले कपडे काढायला गेली.

पहाटे ते उठलेच नाहीत.

सभा आठवडाभर पुढे गेली. हॉल एकदाच मिळत होता, म्हणून सोसायटीने तिलाच शोकसभा जोडून घेतली. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली आणि हिवाळ्यांनी भूषवलेल्या समित्यांची नावं सांगितली. पायांचा विषय निघाला नाही.

"माणूस सोन्यासारखो," धोंडूंनी डोळे पुसले. "माझ्या चपलांच्या काळजीनं गेलो तो!"

रत्नप्रभाबाई उठल्या. "चोर कोण, ते हिवाळेसाहेब जवळजवळ सांगून गेलेत. शिवदासला आजच काढणं, हीच त्यांना खरी श्रद्धांजली."

टाळ्या वाजवायच्या की उभं राहायचं, कुणालाच कळेना. शिवदास दारात सगळ्यांसाठी आणलेल्या चहाचा ट्रे धरून उभा होता.

मृणालिनी उठली. तिने पिशवीतून चपला काढल्या आणि हार घातलेल्या फोटोसमोर टेबलावर ठेवल्या. अंगठा नवा होता, वर पॉलिशही होतं.

"या माझ्या पप्पांनी नेल्या होत्या," ती म्हणाली. "शिवून आणायला. शिवदासने नाही."

पाळकसाहेब खोकले. रत्नप्रभाबाईंनी फोटोकडे असं पाहिलं, जणू त्याच्याकडून आता लेखी खुलासाच मागवणार आहेत.

"माझ्या चपला?" धोंडू टेबलाजवळ आले. "कित्याक पण? सहा महिने आम्ही एकमेकांचं तोंड बघत नव्हतो!"

"म्हणूनच, काका."

मृणालिनीने फोटोवरचा कलता हार सारखा केला आणि चारचौघांत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"बरं केलंत, पप्पा."