आधी उतार पाह्य

पंगतीत बसलं की सगळ्यांचं लक्ष पत्रावळीकडे असतं. आमच्या शेजारच्या नथ्थूजींचं जमिनीकडे. धाड गावी एका लग्नात मी हे पहिल्यांदा पाहिलं. वाढपी भात घेऊन निघाले आणि नथ्थूजी चक्क पालथे पडले. गाल जमिनीला, एक डोळा मिटलेला. पाहुण्याला फेफरं आलं असं वाटून नवरीचा मामा कांदा आणायला पळाला. तेवढ्यात नथ्थूजी उठले, धोतर झटकलं, आपली पत्रावळ वीतभर फिरवली आणि कचेरीबाहेर लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या मला म्हणाले, "अर्जनवीस, उतार तुमच्या मांडीकडे हाय. वरण सांभाळा."

मी हसलो. दोन मिनिटांत माझं वरण माझ्या मांडीवर होतं. त्यांचं भाताच्या आळ्यात शहाण्यासारखं बसलेलं.

'आधी उतार पाह्य, मंग हात उचल' हे त्यांचं पालुपद. लेकीसाठी संग्रामपूरचं स्थळ आलं, तेव्हा बाकीचे मुलाकडे पाहत होते, हे मुलाच्या अंगणात उकिडवे. बराच वेळ पाहून निकाल दिला, "पान्याचा लोंढा घरात शिरत नाही. द्या पोरगी." मुलगा काणा आहे की पांगळा, हे त्यांनी सुपारी फुटल्यावर पाहिलं. सुदैवाने जावई धडधाकट निघाला.

आता हा माणूस करायचा काय, असं तुम्ही विचाराल. तर गोल्फ खेळायचा. हौस म्हणून नव्हे, पोटासाठी. बुलढाण्याच्या माळीवाड्यातला, वांगी-मिरची लावणाऱ्या घरातला माणूस चेंडू मारायला विलायतेपर्यंत जाऊन आला. गावाला ते काही केल्या पटत नाही. माझा चुलता तर तोंडावर म्हणाला, "गोटी भोकात टाकाले इतक्या दूर काऊन गेला बे? इथं भोकं नोयती?"

होती की. सगळं तिथूनच सुरू झालं. साहेबलोकांनी कचेरीमागच्या माळावर नऊ भोकं पाडली होती. आमच्या उन्हाळ्यात गवत टिकत नाही, म्हणून भोकाभोवती वाळू आणि तेल घालून गुळगुळीत चौथरे चोपायचे. ते काम नथ्थूजींकडे आलं, कारण त्यांच्यासारखं खळं सारवणारा अख्ख्या माळीवाड्यात नव्हता. चौथरा बरोबर झाला की नाही, हे चेंडू घरंगळवून पाहायचं. पाहता पाहता यांचा प्रत्येक चेंडू भोकात जायला लागला. साहेबाने ते पाहिलं आणि पुढच्या हिवाळ्यात यांना नागपूरला नेलं. तिथे मध्यप्रांत-वऱ्हाडातले झाडून सगळे साहेब जमले होते. सगळ्यांना हरवून नथ्थूजी परत आले आणि लगेच मिरचीला पाणी द्यायला गेले. मग कलकत्ता झालं, कोलंबो झालं आणि शेवटी बोटीने विलायत. पाटलोण चढली, पण लाल पागोटं काही उतरलं नाही.

तिकडे पोटासाठी खेळणाऱ्यांना क्लबाच्या पुढच्या दाराने येऊ देत नसत. मला ऐकून संताप आला. हे शांत. "अर्जनवीस, मांगच्या दाराशीच सैपाकघर रायते. पुढून जानारे उपाशी बसत, आमी जेवून घेत होतो."

त्यांना राग आला तो भलत्याच गोष्टीचा. कलकत्त्याच्या मैदानावर हराळी लावलेली पाहून हे सुन्न झाले. "ज्या हराळीपायी माह्या बापाची कंबर मोडली, तिले हे लोक पानी घालून राह्यले जी! वरून म्हन्ते, तिच्यावर जोडा जपून ठेव!"

अशाच एका तणाने पुढे घात केला. विलायतेतली मोठी स्पर्धा, शेवटचं भोक, नथ्थूजी एका फटक्याने पुढे. चेंडू भोकापासून चार हातांवर. हे उकिडवे बसले, एक डोळा मिटून उतार पाहिला आणि हात उचलणार, इतक्यात चेंडूच्या वाटेवर रुंद पानाचं एक रोप दिसलं. माळ्याचा हात तो! तण दिसलं की मालकाला विचारत नाही. नथ्थूजींनी ते मुळासकट उपटलं, माती झटकली आणि सवयीने बांधावर टाकावं तसं बाजूला टाकलं. चेंडूच्या वाटेत उगवलेलं काही उपटणं या खेळात गुन्हा. दोन फटक्यांचा दंड झाला, आणि चांदीचा कप एका फटक्याने गेला.

"निंदन केलं म्हनून दंड भोगनारा वऱ्हाडात मी एकलाच," असं ते हसून सांगायचे. पण सांगता सांगता हात बाजूचं तण उपटत बसायचा.

आणि गेल्या दिवाळीनंतर कोलंबोहून पत्र आलं. इंग्रजी पत्रं वाचायला ते माझ्याकडेच येतात. मी वाचून दाखवलं: या हिवाळ्यात मोठी स्पर्धा आहे, तिकीट पाठवतो, विलायतेत तुमच्याकडून कप नेणारा खेळाडूही येतो आहे. नथ्थूजींचे कान लाल झाले. "पुन्हा वाचा," म्हणाले. मी तीनदा वाचलं.

दुसऱ्या दिवसापासून अंगणात कामाला लागले. फावड्याने खरवडतात, माती टाकतात, चोपतात, सारवतात, पालथे पडून एक डोळा मिटतात, चेंडू घरंगळवतात, मान हलवतात आणि पुन्हा खरवडतात. महिनाभर हेच. मला भारी राग आला. गोदावहिनींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, दृष्टी त्याच वर्षी पार गेली होती. रांजणाशी अडखळून एकदा पडल्या, तेव्हापासून कोपऱ्यात बसून असायच्या. "आता मले उठवू नका, भाऊजी. मी फुटकं मडकं," म्हणायच्या. आणि या गृहस्थाला कोलंबोचा सराव सुचतोय! मी कुंपणावरून टोमणाही मारला, "काय नथ्थूजी, कोलंबोले शेन पाठवता का हो सोबत?" ते हसले आणि पुन्हा पालथे पडले.

मग एका सकाळी दौत घेऊन बोलावलं. "लिहा, अर्जनवीस. येनं जमत नाही."

मी उडालोच. "काऊन? कप नाही पाहिजे?"

"कप तं पाहिजे, बाप्पा. पन सारवन आठ दिवसांत उखडते. मी कोलंबोले गेलो तं इथं कोन सारवीन? आन् दुसऱ्याले हा उतार नाही जमनार."

"अहो, कसला उतार? अंगणच तर आहे!"

नथ्थूजी दाराकडे वळून म्हणाले, "गोदा, निंग."

गोदावहिनी दारात आल्या. अनवाणी, भिंतीवरचा हात सुटलेला. खाली उतरल्या आणि पाय हलकेच फिरवून जमीन चाचपली. मग मला दिसलं. दारापासून रांजणापर्यंत बोटभर चढ होता, रांजणापासून तुळशीपर्यंत अलगद उतार, आणि दोन्ही बाजूंना पायाला लागेल एवढीच उंच कड. वाट चुकली की तळवा सांगणार. महिनाभर चेंडू घरंगळत होता तो हीच वाट पाहायला. आणि मी टोमणे मारत होतो! मला माझीच लाज वाटली.

वहिनी रांजणाशी पोचल्या, तांब्या भरला आणि वळल्या. नथ्थूजी उकिडवे बसलेले, एक डोळा मिटलेला, श्वास रोखलेला. वहिनींचं पाऊल जरा डावीकडे गेलं. यांचा हात उचलला गेला आणि तसाच थांबला. कड लागली, पाऊल सरळ झालं. तुळशीपाशी पोचून त्यांनी पाणी घातलं. एक थेंबही बाहेर नाही.

"गेली भोकात!" नथ्थूजी ओरडले आणि पागोट्याच्या टोकाने डोळे पुसायला लागले.

"मी काय गोटी हाय?" वहिनी तिकडून म्हणाल्या. मग रिकामा तांब्या कमरेवर ठेवून हसल्या. "भाऊजीले बसवा. च्या मीच आनते."