जानराव मास्तरांचा समतेचा पाठ

स्त्री-पुरुष समता शिकवावी तर जानराव मास्तरांनीच! निदान मास्तरांचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. १९६२ साली अमरावतीच्या समाजकार्य वर्गात ते हा विषय शिकवत. त्या आठवड्यात वरचे साहेब पाहणीला येणार होते. त्यांना पसंत पडलं तर वर्ग पुढं चालू, नाहीतर कायमचं कुलूप! मास्तर मात्र निर्धास्त होते.

त्यांनी तिवशाजवळचं एक खेडं गाठलं. सरपंच, पाटील, तलाठी, सगळ्यांची संमती घेतली आणि जाहीर केलं, "उद्या बायकांना आराम! पाणी आमचे विद्यार्थी भरतील!"

दिवस उगवताच पोरं घागरी घेऊन विहिरीला भिडली. पण दोर सुटला, घागर बुडाली, ती काढायला गळ टाकला तर गळही आतच राहिला! गावच्या बायका पदर पुढं ओढून लांब निंबाखाली थांबल्या. परक्या पुरुषांच्या गर्दीत पाण्याला जाणार कोण?

"पाहा, किती कौतुकानं पाहून राहिल्या!" मास्तर खूश झाले.

ऊन चढलं. एकाही घरी चूल पेटली नाही. गडीमाणसं उपाशी वावरात गेली, गुरं हंबरू लागली. तेवढ्यात साहेबांची जीप आली.

"आधी पाणी द्या बुवा," साहेब म्हणाले.

मास्तर सरपंचाकडे धावले. माठ रिकामा! पाटलाकडे, तोही रिकामा! अख्ख्या गावात साहेबांपुरतं घोटभर पाणी मिळेना!

तोच निंबाखालून सुंदराबाई तरातरा आली. मागोमाग साऱ्या बायका.

"मास्तर, तुमचे पोट्टे सकायपासून इहीर अडवून बसले! आमी पानी कवा भरावं?"

"बाई, तुमच्यासाठीच तर करून राहिलो!"

"आमाले इचारलं काय?"

मास्तरांना वर्गाचं कुलूप डोळ्यांपुढं दिसू लागलं. ते वर्गातल्या एकुलत्या एक मुलीवर घसरले.

"शालू, तू तर बाईमाणूस! तुले हे समजत होतं, तर आधी काहून नाही सांगितलं?"

"वर्गात दोनदा उठली होती ना, सर! तुमी म्हटलं, बस खाली पोरी, मी स्त्रियांच्या हक्कावर बोलून राहिलो!"

साहेबांनी शालूकडं पाहिलं, मग मास्तरांकडं.

"वर्ग चालू राहील," ते म्हणाले. "हा विषय आता ही शिकवेल."

मास्तरांचा जीव भांड्यात पडला. "अन् मी काय करू, साहेब?"

"तुम्ही बसा खाली!"