एक पोतं भुसा

माझ्या दादानं मला आणि त्याच्या पोरीला बर्फावर चालायला शिकवलं ते परतूरच्या जिनिंगमध्ये, कापसाच्या ढिगावर.

तुम्हाला खोटं वाटेल, पण तो कापूस आम्ही तुडवलेला आहे. सकाळी मजूर यायच्या आधी दादा आम्हा दोघींना आत घालायचा. पाठीवर ज्वारीचं गाठोडं, पायात त्याचे जुने बूट, आणि मी नेसलेली नऊवारी. गुडघ्यापर्यंत पाय आत जायचे. दादा खाली काठी आपटत उभा. "टाच आधी, टाच! कमल, तू कापसावर न्हाईस, बर्फावर हायेस. थंडी वाजू दे जरा!" थंडी कुठली, घामानं सरकी अंगाला चिकटायची.

आठवड्याभरानं जिनिंगच्या शेठजींनी पाहिलं. "मास्तर, काय करून राह्यले हे?"

"हिमनदीची तालीम."

"मंग नदीकडं जा की! बहिणीच्या लुगड्याला पावशेर माल चिकटून चालला माझा."

दादा शाळेत भूगोल शिकवायचा. धडा कोणताही असो, तास संपता संपता तो हिमनदीवर यायचा. पोरं त्याला पाठीमागं हिमालय मास्तर म्हणायची. त्यानं स्वतः मात्र वेरूळच्या पलीकडं डोंगर पाहिला नव्हता. कुणी टोकलंच तर म्हणायचा, "भूगोल खोटं बोलत न्हाई. पुस्तकात हाय म्हंजे हाय." आणि एका मे महिन्यात मला आणि शोभाला, म्हणजे त्याच्या चौदा वर्षांच्या पोरीला, हिमनदी दाखवायचीच असं त्यानं ठरवलं. जिनिंगमधली तालीम बंद झाली, तर परतूरहून वाटूरपर्यंत पायी, भर उन्हात, सामानासकट. रस्त्यात बैलगाडीवाले थांबायचे. "मास्तर, लगीन कुठं हाय?" दादा न थांबता म्हणायचा, "काठगोदामच्या वर, हिमालयात!"

आता वहिनींचं सांगते, नाहीतर दादा तुम्हाला नुसता येडा वाटेल.

दुष्काळातल्या उन्हाळ्यात वहिनींना ताप चढला. डॉक्टर म्हणाले, डोक्यावर बर्फ ठेवा. परतुरात तेव्हा बर्फ मिळत नव्हता. दादा त्यांच्या उशाशी बसला होता, त्याला मीच उठवलं. "बसून काय करतोस? जालन्याला जा, बर्फ आण." तो सकाळच्या गाडीनं गेला. लादी घेतली, गोणपाटात गुंडाळली आणि परतीच्या गाडीत बसला. गाडी वाटेत खोळंबली. दिवेलागणीला तो घरात आला तेव्हा हातात नुसतं ओलं गोणपाट होतं. पहाटे वहिनी गेल्या. स्टेशनावरचा एक हमाल नंतर बोलून गेला, "मास्तर, बर्फाला भुसा लावत असतेत. भुसा असता तर आला असता घरी बराबर." बोलणाऱ्याच्या ध्यानातही राहिलं नसेल. दादाच्या राहिलं.

म्हणून निघायच्या दिवशी दादानं लाकडाच्या वखारीतून एक पोतं भुसा भरून आणला, तेव्हा मी हसले नाही. शोभा हसली. गाडीतली माणसं हसली. तिकीट तपासनीसानं पोतं दाबून पाहिलं. "ये क्या है?"

"भूसा."

"भैंस किधर है?"

"भैंस नहीं साब. बरफ के लिए," दादा म्हणाला. तो माणूस पुढच्या बाकाकडं वळला.

काठगोदामहून मोटार, मग वाटाड्या घेऊन पायी. आमची तालीम तिसऱ्याच चढावर संपली. कापसाला उतार नव्हता, कापसात पाऊस नव्हता, आणि कापसात जळवा तर नव्हत्याच. माझी नखं काळी पडली. शोभाला ताप भरला, एक दिवस धर्मशाळेत काढला. मी म्हटलं, "दादा, बास झालं. पोरीकडं बघ." त्यानं रात्रभर तिचे पाय चेपले आणि सकाळी पुन्हा पोतं पाठीला बांधलं. वाटाड्या म्हणाला, "मास्टरजी, बोझा मैं लेता हूँ." दादानं सगळं सामान त्याला दिलं. पोतं दिलं नाही.

पाचव्या दिवशी वाटाड्या थांबला. "यही है."

समोर काय होतं सांगू? काळं. खडी, चिखल, फुटके दगड, रस्त्याच्या कामावर टाकतात तसा ढीग. त्याच्या पोटातून गढूळ पाणी भसाभसा वाहत होतं. ढिगाच्या फटीत कुठंकुठं मळकट काच चमकत होती. तोच बर्फ. आणि त्याच्या कडेवरून टपटप, टपटप सगळीकडून पाणी गळत होतं.

"हमारी किताब में तो सफेद है," दादा म्हणाला. मग त्यानं हात लावला. हात ओला झाला, तो माझ्यापुढं धरला. "कमल, हे बी वितळून राह्यलंय."

"अण्णा, वितळते म्हणून तर नदी होते," शोभा बापाला म्हणाली. "तुम्हीच शिकवलंय."

"हौ. शिकवलंय," दादा म्हणाला आणि खडीवरच बसला.

शोभा वाटाड्याबरोबर पाणी बघायला खाली गेली. दादा माझ्याकडं न बघता म्हणाला, "खरं सांग. मी बर्फाला गेल्तो, त्या दिवशी ती शुद्धीवर होती का?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. वहिनी शुद्धीवर होत्या. दुपारपर्यंत चांगल्या बोलत होत्या. "वन्सं, त्यांना कशाला धाडलं? बर्फ नको मला. त्यांना इथं बसवा." दाराशी सावली हलली की मान वळवायच्या. दादा यायच्या तासभर आधी त्यांनी डोळे मिटले, ते पहाटेपर्यंत मिटलेलेच.

"न्हाई रे," मी म्हटलं. "तू गेलास अन् लगेच शुद्ध गेली. तुझं नाव बी काढलं न्हाई."

भूगोल खोटं बोलत नाही. मला बोलावं लागलं.

"मंग बराबर," दादा म्हणाला. मला बरं वाटावं म्हणून म्हणाला, की त्याला पटलं, मला आजतागायत कळलेलं नाही.

मग तो उठला. पोत्याची सुतळी सोडली आणि त्या मळकट बर्फावर ओंजळीओंजळीनं भुसा पसरायला लागला. फटीत भरला, वरून हातानं थापटला, तापलेल्या लेकराला पांघरूण घालावं तसा. पोतं संपलं. झाकली गेली असेल खाटेएवढी जागा. वर डोंगराएवढी हिमनदी गळतच होती.

वाटाड्या परत येऊन बघतच राहिला. "मास्टरजी, इससे कितना बचेगा?"

दादानं रिकाम्या पोत्याची नीट घडी घातली आणि काखेत धरली.

"जितना भूसा लाया," तो म्हणाला, "उतना."